पगार आणि मर्जी
(भाईंदर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी माझ्या मुलाला गणित शिकवलं. त्यांची एक सवय तो अजून सांगतो. वर्गात एखाद्या पोरावर गुरुजी भडकले, की शाळा सुटण्याआधी त्याच पोराला हाक मारून फळा पुसायला लावायचे. बाकी एक शब्द नाही. पण राग संपला एवढं त्या पोराला कळायचं आणि ते उड्या मारत घरी जायचं. आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, त्यात नेमका हा फळा नसतो.

विषय ऐकून संयोजकांचा चेहरा जरा पडला होता. स्मृतिव्याख्यान म्हणजे संतसाहित्य, नाहीतर राज्यघटना, गेलाबाजार पर्यावरण. आणि ह्या बाई म्हणतात, साहेबाची मर्जी फिरली तर काय करायचं यावर बोलते! पण मी एकतीस वर्षं भाईंदरहून चर्चगेटला लोकलने गेले-आले. बायकांच्या डब्यात सासू, मुलांची शाळा आणि गुडघे यांच्याइतकंच ज्यावर बोलणं व्हायचं तो विषय हाच. कालपरवापर्यंत बरा वागणारा साहेब एकाएकी बदलला. मीरा रोडच्या बायका रिटर्न मारून भाईंदरला यायच्या, खिडकीजवळ बसायच्या आणि वसईच्या खाडीकडे न बघता मोबाइलमध्ये साहेबाचा कालचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहायच्या. 'नोटेड' एवढंच लिहिलं आहे. पूर्वी 'थँक्स' असायचं. या एका शब्दावर बोरिवलीपर्यंतचा वेळ जायचा.

त्या खाडीकडे मात्र बघायला हवं. पलीकडे वसई. १५३४ ते १७३९ अशी दोनशेच्या वर वर्षं तिथे पोर्तुगीज बसले होते. आपला उत्तन-धारावीचा भागही त्यांच्याच अमलात होता. त्यांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, चावी दिली आणि 'पगार' हा शब्द दिला. पैसे चुकते करणं, एवढाच त्याचा अर्थ. काम केलंस, हे घे, हिशेब मिटला. आता ऑफिसातले बाकीचे शब्द बघा. हुकूम, हजेरी, रजा, बदली, खुलासा, नोकर. हे सगळे दरबारातून आले, फारसी-अरबीच्या वाटेने. त्यांच्याबरोबर आली 'मर्जी'. मर्जीतला माणूस, मर्जी राखणं, खप्पामर्जी. मर्जी गेली की जे होतं त्यालाही मराठीत खास शब्द आहे, इतराजी. गंमत म्हणजे 'साहेब' या अरबी शब्दाचा एक मूळ अर्थ सोबती असा आहे. तो अर्थ वाटेत कुठे गळून पडला, देव जाणे.

मला एवढंच म्हणायचं आहे, की आपली नेमणूक पगारावर होते, पण मन लावून बसतो आपण मर्जीवर. नेमणूकपत्रात मर्जीबद्दल अक्षर नसतं. तरी ती गेली की पगार कापल्यासारखं वाटतं. खरं तर त्याहून वाईट वाटतं, कारण कापलेला पगार निदान पावतीवर दिसतो.

माझीच गोष्ट सांगते. ऑफिसचं नाव सांगत नाही, साहेबांचंही नाही. दक्षिण मुंबईतलं एक निमसरकारी कार्यालय, मी आस्थापना शाखेत. ते साहेब आले आणि चार वर्षं आमचं उत्तम जमलं. मी टिपणी लिहून फाइल आत पाठवायची, ती परत यायची तेव्हा समासात हिरव्या शाईने शेरा असायचा, 'समक्ष चर्चा करावी.' मी आत जायचे. "बसा, ताई." अर्धा कप चहा यायचा, फाइल पाच मिनिटांत मार्गी लागायची, उरलेली दहा मिनिटं त्यांच्या मुलीच्या बारावीवर जायची. दिवाळीनंतर एक फाइल परत आली. समासात तीच हिरवी शाई, शेरा वेगळा. 'खुलासा करावा.' चर्चेचा खुलासा झाला! सरकारी कामात ज्याने दिवस काढलेत त्याला या दोन शब्दांमधलं अंतर सांगायला नको. त्या आठवड्यात असे तीन शेरे आले. मग माझ्या हाताखालच्या मुलाला परस्पर आत बोलावणं सुरू झालं. मग एक दिवस मी आत गेले तर "बसा" नाही. फाइलवरची नजर न उचलता म्हणाले, "बोला, मॅडम." ताईची मॅडम झाले. पदोन्नती झाल्यासारखा शब्द, पण माझ्या पोटात खड्डा पडला.

पुढचे सहा महिने मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते, म्हणूनच सांगते. मी जास्त थांबायला लागले. सहा वीसची गाडी सोडून साडेसात, पावणेआठ. घरून बेसनाचे लाडू नेले आणि "सहज केले होते" म्हणून टेबलावर ठेवले; ते शिपायाने खाल्ले. त्यांच्या केबिनचं दार उघडलं की माझी मान आपोआप वर व्हायची. कुणाशी हसून बोलले, कुणाशी नाही, याची मनात वही भरायला लागले. कामात चुका व्हायला लागल्या, आणि मग खुलासे खरोखरच द्यावे लागले. इतराजीचा सापळा असाच असतो. मर्जी गेली या भीतीने माणूस इतका वाकडातिकडा वागतो, की मर्जी जायला कारण नसेल तर तेही तयार होतं.

गाडीतली एक मैत्रीण, बँकेत कॅशियर होती, शेवटी कंटाळून म्हणाली, "तू सहा महिने स्वतःला तपासतेयस. एकदा त्याला तपास की. त्याला वरून काय आलंय?"

आलं होतं. खरेदीच्या एका जुन्या प्रकरणावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला होता आणि वरिष्ठांनी साहेबांकडूनच खुलासा मागवला होता. जो शब्द त्यांच्या अंगावर आला तोच ते खाली ढकलत होते. तोंडी चर्चेतून निघालेले निर्णय त्यांना महागात पडले होते, म्हणून आता त्यांना सगळं कागदावर हवं होतं. माझ्यावर राग नव्हता, भीती होती.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण तेवढंच नव्हतं. दिवाळीआधीच्या बैठकीत, सगळ्या शाखाप्रमुखांसमोर, त्यांच्या टिपणीतली तारीख चुकली आहे असं मी सांगितलं होतं. तारीख चुकलेलीच होती. पण मी ते कसं सांगितलं, ते आठवलं की कळतं. चारचौघांत माझी हुशारी दिसावी एवढाच त्यामागचा हेतू होता. तो काटाही आत होताच. साहेब बदलतो तेव्हा बहुधा एक कारण त्याच्या खुर्चीत असतं आणि एक आपल्या जिभेवर. कुठलं किती, याचं माप सापडत नाही.

मी मग आत गेले. आधी एकदा विचारून झालं होतं, "साहेब, माझं काही चुकलं का?" हा प्रश्न कधी विचारू नका. त्याला जगातला प्रत्येक साहेब एकच उत्तर देतो, "छे छे, तसं काही नाही," आणि मग तुमच्याकडे विचारायला काही उरत नाही. दुसऱ्यांदा गेले ती फाइल घेऊन. म्हणाले, "साहेब, पूर्वी मी टिपणी घेऊन समक्ष येत होते. आता खुलासा मागवला जातो. माझी हरकत नाही. पण प्रत्येक प्रकरणात नियमाचा आधार आणि पूर्वीचा निर्णय आधीच जोडून पाठवला तर चालेल का, म्हणजे फाइल दोनदा फिरणार नाही?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हो. तसंच करा." बैठकीतल्या तारखेबद्दल मी तिथेच माफी मागितली. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. ताई मी पुन्हा झाले नाही. पण खुलासे थांबले, आणि मला सहा वीसची गाडी मिळायला लागली.

आता एक मोठं उदाहरण घेते, कारण माझ्या लाडवांवरून तुम्ही काय शिकणार!

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. आपण त्यांना पुतळ्यात आणि रस्त्यांच्या पाट्यांवर बघतो, पण ते आयुष्यभर नोकरदार होते. १८७१ पासून पुण्यात सबजज्ज. दिवसा सरकारचं न्यायदान, उरलेल्या वेळात सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, दुष्काळाची पाहणी, सभेचं त्रैमासिक. अशा नोकरावर त्या सरकारची मर्जी किती दिवस राहणार? गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या काळात पुण्यातल्या ब्राह्मणांकडे संशयाने बघणं हा कारभाराचा भागच झाला होता. १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू झालं. मे महिन्यात पुण्यातले बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. आणि भर उन्हाळ्यात रानड्यांना हुकूम आला, धुळ्याला हजर व्हा.

हे सगळं आपल्याला नीट कळतं ते रमाबाई रानड्यांमुळे. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० मध्ये आलं. बदली झाली तेव्हा त्या अवघ्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांना सगळं दिसत होतं. मित्रमंडळी आग्रह करत होती. प्रकृतीचं कारण द्या, डॉक्टरचा दाखला घ्या, रजा टाका, बदली रद्द होईल. रानड्यांनी ऐकलं नाही. नोकरी करायची तोवर सबबी सांगायच्या नाहीत आणि जमेनासं झालं की सोडून द्यायची, असा त्यांचा रोख होता. गेले धुळ्याला. तिथे त्यांचं टपाल फोडून वाचलं जात होतं. पाकीट उशिरा यायचं, उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसायचं. वर कुणीतरी बंडवाल्यांच्या नावाने पत्रं धाडू लागलं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी उठाव होणार म्हणून. जाळंच ते. पत्र लपवलं तर सापडणार, फाडलं तरी सापडणार. रानड्यांनी ती पत्रं आली तशी अधिकाऱ्यांकडे पाठवून दिली.

मला यात त्यांचं धैर्य दिसतंच, पण त्याहून जास्त दिसते ती कारकुनी अक्कल. तुमच्याकडे संशयाने बघणाऱ्यापासून लपून संशय जात नाही. त्याच्या टेबलावर कागद ठेवायचा, तारखेसह. कोर्टात निकाल रोजच्यासारखे देत राहायचे. घरी बायकोचं शिक्षण चालू ठेवायचं. ते त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांचा दिवस सरकारच्या चेहऱ्याकडे बघून उगवत नव्हता, कारण त्यांच्या दिवसात सरकारखेरीज बरंच काही होतं. भाईंदरच्या गाडीत मेसेज वाचत बसणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच म्हणायचे. तुमच्या आठवड्यात ऑफिस सोडून एक तरी जागा अशी हवी, जिथे साहेबाचं नाव कुणाला माहीत नाही. भजनीमंडळ असो, ट्रेकचा ग्रुप असो, नाहीतर ही व्याख्यानमाला.

आता पुढचं ऐका. जुलैत फडके पकडले गेले. १८८० मध्ये टेंपल गेले, सर जेम्स फर्ग्युसन आले. तिकडे लिटन जाऊन रिपन व्हाइसरॉय झाले. १८८१ च्या आरंभी रानडे मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट. १८८५ मध्ये कायदेमंडळात. १८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर हायकोर्टाचे न्यायाधीश. टपाल फोडणाऱ्या सरकारनेच त्यांना त्या खुर्चीत बसवलं. याला सबुरीचं फळ म्हणण्याचा मोह होतो. मी म्हणणार नाही. साहेबाचा साहेब बदलला, हेही त्यात मोठं कारण होतं. नोकरीत बरीच इतराजी माणसाच्या गुणाने जात नाही, कुणाच्या तरी बदलीने जाते. तोवर आपण हातपाय मोडून घेतलेले नसावेत, एवढंच आपल्या हातात.

आणि त्याच काळात, त्याच सरकारच्या नोकरीत, एक दुसरा माणूस होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर, सरकारी शाळेतले शिक्षक. १८७४ पासून निबंधमाला चालवत होते आणि लिहिताना हात आखडता घेत नव्हते. त्यांचीही बदली झाली, पुण्याहून रत्नागिरीला. त्यांनी १८७९ मध्ये राजीनामा दिला आणि १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. रानडे धुळ्याला गेले, शास्त्रीबुवांनी नोकरीच सोडली. कोण बरोबर, हा वाद मी लावणार नाही. पण शास्त्रीबुवांनी नोकरी सोडली ती रागाच्या भरात टेबलावर कागद आपटून नाही. शाळा काढायचं डोक्यात पक्कं होतं आणि काही महिन्यांत ती उभी राहिली. "तोंडावर राजीनामा फेकून आलो" असं सांगणारे मला गाडीत खूप भेटले. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढच्या महिन्याच्या हप्त्याची तारीख आठवली ती घरी पोचल्यावर.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण मी आस्थापना शाखेची बाई आहे आणि सवय जात नाही.

साहेबाची नाराजी पूर्वी जिथे मुरायची ती जागा म्हणजे गोपनीय अहवाल, आपला 'सीआर'. फक्त प्रतिकूल शेरा असेल तर कळवायचे, बाकीचं कपाटात. सीमा रस्ते संघटनेतले देव दत्त नावाचे अभियंते होते. पदोन्नतीसाठी पाच वर्षं 'खूप चांगला' हा शेरा लागत होता. त्यांना १९९३-९४ या एका वर्षी 'चांगला' मिळाला, आणि पदोन्नती हुकली. चांगला म्हणजे प्रतिकूल नव्हे, म्हणून त्यांना तो कुणी कळवलाही नव्हता! २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, मग तो कितीही चांगला असो, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. सरकारी नोकरांनी म्हणून आपला अहवाल दरवर्षी बघावा, आणि पटला नाही तर मुदतीत लेखी अर्ज द्यावा. अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेत मारलेली हाक.

आपल्या राज्याने १९७१ मध्ये अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायदा केला, त्यात धोरणाचा आव आणून आकसाने केलेली बदलीही त्या प्रथांच्या यादीत घातली आहे. म्हणजे मर्जी नसणं हा गुन्हा नाही, पण मर्जी नाही म्हणून हात धुऊन मागे लागणं याला कायद्यात नाव आहे.

आणि एक गोष्ट मुलींसाठी. तुम्ही एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हटलंत आणि त्यानंतर साहेब बदलला, तर आज मी सांगितलेलं सगळं विसरा. तिथे त्याची खुर्ची समजून घ्यायची नाही, लाडू न्यायचे नाहीत, आपलं काय चुकलं ते शोधायचं नाही. २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी, आणि साधारण तीन महिन्यांच्या आत. मेसेज पुसू नका.

भाईंदरमध्ये बोलायचं आणि स्टीलच्या गाळ्यांबद्दल बोलायचं नाही, हे बरं दिसणार नाही. आपल्या गावात भांड्यांच्या गाळ्यांत जी माणसं पॉलिशवर, प्रेसवर काम करतात, त्यांच्या शेठची मर्जी फिरली की समासात शेरा येत नाही. ओव्हरटाइम बंद होतो. कडक मशीन वाट्याला येते. मग एक दिवस शेठ म्हणतो, उद्यापासून येऊ नको. तिथे रानडे आणि देव दत्त फार उपयोगाचे नाहीत. तिथे उपयोगाची गोष्ट म्हणजे आपण इथे कामाला होतो याचा पुरावा. पगार बँकेत जमा होत असेल तर त्याची नोंद, हजेरीच्या कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो, भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक. शेजारच्या कामगाराला हे वाचता येत नसेल तर तुम्ही त्याला उघडून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. अध्यक्षांची मर्जी मला सांभाळायची नाही, पण गाड्या सांभाळायच्या आहेत.

माझे साहेब निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभात मी शेवटच्या रांगेत उभी होते. जाताना ते माझ्यापाशी थांबले, म्हणाले, "तुमच्या फाइली नंतर फार नीट यायच्या." एवढंच. मी घरी येताना विचार करत होते, हे वाक्य त्यांनी दोन वर्षं आधी म्हटलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

समोर नोकरी करणारे बसले आहेत तसे काही साहेबही बसले असतील. खुर्ची लहान असेल, दोन माणसांची असेल, तरी साहेबच. तुम्हाला माझी एक विनंती आहे. ज्याच्याशी तुम्ही गेले कित्येक दिवस सरळ बोलला नाहीत, तो माणूस कोण हे तुम्हाला आत्ता इथे बसल्या बसल्या आठवलं आहे. उद्या त्याला आत बोलवा. काय खटकलं असेल ते सांगा, काहीच खटकलं नसेल तर तेही सांगा. पण आधी "बसा" म्हणा.